विसरणाऱ्यासाठीही आगार आहे



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमाराला कर्जत स्टेशनवरच्या ओळखीच्या हमालाचा फोन आला, "भाभी, शेठ इथं बाकावर बसलेत. एकटेच आहेत. या लवकर." मी होते त्या साडीत रिक्षा केली. हे प्लॅटफॉर्मवर बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा. हातात कागदात गुंडाळलेला वडापाव, अर्धा खाऊन झालेला. मला पाहून म्हणाले, "तू पण घे, गरम आहे."

सख्यांनो, ह्यांनी १९९६ च्या चातुर्मासात म.सां.कडून कंदमुळाचं आजीवन पच्चक्खाण घेतलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात बटाटा आलेला नाही. लग्नकार्यात ताटात चुकून बटाट्याची फोड आली तर हे ताट बदलून घेत. आणि त्या दिवशी पुण्याच्या गाडीची वाट पाहत आपल्याच संघातल्या दोघीजणी समोर उभ्या होत्या. संध्याकाळी मी प्रतिक्रमणाला स्थानकात पोहोचण्याआधी बातमी तिथं पोहोचली होती. "शेठजींनी बटाटा खाल्ला, तोही चातुर्मासात." कुणी वाईट हेतूनं बोललं असेल असं मी म्हणत नाही. पण एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही लक्ष नाही का देत?" त्या प्रश्नावर मी रात्रभर जागी होते. आज हा लेख त्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिते आहे.

ह्यांना डिमेन्शिया आहे, अल्झायमरचा. सहा वर्षं होतील आता. आधी हे उघडपणे लिहिते, कारण पहिली तीन वर्षं मी ते लपवलं, आणि ती माझी सर्वांत मोठी चूक होती.

सुरुवात वहीतून झाली. आमचं धान्याचं दुकान. ह्यांची जमा-नावेची बेरीज कधी चुकत नसे. मी बी.कॉम. झालेली, तरी लग्नानंतर चाळीस वर्षं मला ती वही तपासायची गरज पडली नाही. मग एका दिवाळीला वहीपूजनाच्या आधी मी सहज पानं उलटली, तर एकाच गिऱ्हाइकाची एकच उचल तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली. मी दाखवलं तर चिडले. नंतर त्याच गिऱ्हाइकाचं नाव आठवेना. मग चहात मीठ, मग बाथरूमचा नळ रात्रभर चालू. आम्ही सगळे म्हणत राहिलो, "वय झालं, होतं असं."

होत नाही असं. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं हे वय आहे. चष्मा हातात घेऊन हा कशासाठी असतो असं विचारणं हा आजार आहे. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली, वय अवघं ५१. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर. ती १९०६ मध्ये गेली आणि त्याच वर्षी त्यांनी तिच्या मेंदूत काय दिसलं ते जगापुढं मांडलं. त्यांचं नाव आजाराला मिळालं. त्या बाईचा नवरा रेल्वेत कारकून होता. आम्ही कर्जतकर रेल्वेवर जगणारी माणसं, म्हणून की काय, मला नेहमी त्या नवऱ्याची आठवण होते. बायको आपल्यावरच संशय घेते आहे, घरातली कामं विसरते आहे, हे त्यानंही काही महिने कुणाला सांगितलं नसेल.

आजार एकट्यादुकट्याचा नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली, तिचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सुमारे सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे देशभरात ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा गावांत जास्त. हे वाक्य परत वाचा. बायकांत जास्त. आज मी ह्यांची सेवा करते आहे, उद्या माझी पाळी असू शकते, तुमचीही.

आम्ही कर्जतहून चौकमार्गे पनवेल गाठलं, तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड आणि बी-१२. का, तर या दोन्हींच्या कमतरतेनंही विस्मरण होतं, आणि ते उपचारानं सुधारू शकतं. बी-१२ वनस्पतीतून मिळत नाही. आपल्याला ते थोडंफार दूधदह्यातून मिळतं, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी आयंबिल-उपवासांत तेही सोडतात. म्हणून सांगते, घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि स्वतःची ही तपासणी करून घ्या. ह्यांचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, थोडा तजेला आला, पण मूळ आजार राहिला. त्यावर बरं करणारं औषध नाही. गोळ्यांनी काही काळ लक्षणं सावरतात, इतकंच. मात्र आधीपासून काळजी घेता येते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये १४ कारणं मांडली, ज्यांकडं आयुष्यभर लक्ष दिलं तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टाळता किंवा पुढं ढकलता येतील. त्यात रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आहे, तसं ऐकू कमी येणं आणि एकटेपणही आहे. कानाचं यंत्र लावायला लाजणाऱ्या आपल्या सासरेमंडळींना हे ऐकवा.

आता वडापावाकडं येते.

या आजारात नवं आधी पुसलं जातं, जुनं टिकतं. ह्यांचं बालपण कर्जतचं. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडतात, तेवढा वेळ गाडी थांबते, आणि त्या थांब्यावरच इथला वडापाव मोठा झाला. शाळेतून येताना खिशात पैसे असतील त्या दिवशी हे स्टेशनवर जाऊन वडा खात. १९९६ चं पच्चक्खाण पुसलं गेलं, बारा वर्षांचा मुलगा राहिला. त्या दिवशी बाकावर तो मुलगा बसला होता. व्रत घेतलेला माणूस तिथं नव्हता.

मग व्रत मोडलं का? मी हा प्रश्न विहारात आलेल्या एका साध्वीजींना विचारला. त्यांनी मलाच उलट विचारलं, "पच्चक्खाण घेताना आगार कोणकोणते म्हणता?" सख्यांनो, आपण रोज म्हणतो. नवकारसी असो वा चौविहार, पच्चक्खाणाबरोबर आगार, म्हणजे सुटीच्या जागा, असतातच. त्यातला पहिला आगार कोणता? अनाभोग. म्हणजे विसरून झालेलं. पुढं सर्वसमाधीचा आगार येतो, आजारात मनाची समाधी टिकावी म्हणून द्यावं लागलेलं. मी पन्नास वर्षं हे शब्द म्हणते आहे, पण पहिलीच सुटीची जागा विसरणाऱ्यासाठी ठेवली आहे, हे माझ्या कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

यावर आमच्या नणंदबाईंचा आक्षेप आहे, आणि तो चुकीचा नाही. त्या म्हणतात, अनाभोगाला अट आहे, आठवलं की तिथंच थांबायचं, तोंडातला घासही काढायचा. खरं आहे. पण ह्यांना आठवतच नाही. मी आठवण करून दिली तर हे माझ्याकडं चोर पकडल्यासारखे बघतात, हात थरथरतो, रडू येतं, आणि दहा मिनिटांनी रडू का आलं तेही विसरतात. भीती तेवढी मागं राहते. तो घास मी हिसकावून घेतला तर कुणाचं व्रत राखलं जातं? ह्यांचं नाही. संघात माझी मान वर राहावी एवढंच. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. घरात बटाटा शिजणार नाही, मी स्वतः आणून देणार नाही, पण ह्यांच्या हातातलं ओढूनही घेणार नाही. आणि आठवड्यातून एकदा कच्च्या केळ्याचे वडे करते. केळी उकडून, मिरची, कोथिंबीर, लिंबू, लसूण नाही. पावात भरून कागदात गुंडाळून देते. कागद हवाच, ताटलीत दिला तर खात नाहीत.

रात्रीच्या जेवणाचंही तसंच. डॉक्टर म्हणाले होते की या रुग्णांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. नेमकी आपली चौविहाराची वेळ. हे पाच वाजता पोटभर जेवतात आणि आठ वाजता विचारतात, "मला आज कुणी जेवायला का दिलं नाही?" पहिली दोन वर्षं मी समजावत राहिले, "सूर्यास्त झाला, पच्चक्खाण आहे." घरभर आरडाओरडा व्हायचा. आता वाटीभर मऊ खिचडी देते. माझा स्वतःचा चौविहार चालू आहे. ह्यांना घास भरवताना माझं व्रत मोडत नाही आणि ह्यांची समाधी राहते.

सत्याचंही असंच झालं. हे आईला विचारतात. सासूबाई २००३ मध्ये गेल्या. सुरुवातीला मी खरं सांगायचे, "त्या नाहीत आता." दर वेळी ह्यांना ती बातमी नवी, दर वेळी तसंच रडणं. एका दिवसात तीनदा मी ह्यांच्या आईला मारलं. आपल्या धर्मात सत्य अहिंसेच्या पोटात आहे, पीडा देणारं वचन सत्याच्या व्रतात बसत नाही, हे स्वाध्यायात ऐकलेलं. आता मी खोटंही बोलत नाही. विचारते, "आईंच्या हातचं काय आवडायचं तुम्हाला?" मग राबडीची गोष्ट सुरू होते आणि प्रश्न विरून जातो.

'अस्तु' हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा सिनेमा पाहिला असेल तुम्ही. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे पंडित आहेत आणि हत्तीच्या मागून चालत हरवतात. मी तो सुनेबरोबर पाहिला आणि अर्ध्यात उठले, कारण त्याच महिन्यात हे मुंबईच्या गाडीऐवजी खोपोलीच्या गाडीत बसून गेले होते. डोक्यात पूर्वीचं मस्जिद बंदर, दाणाबंदरची खरेदी. खालापूर तालुक्यातल्या आमच्या लेकीला लौजी स्टेशनवरून एका मुलाचा फोन आला, कारण तिनं नुकतीच ह्यांच्या शर्टाच्या खिशात नाव-नंबराची चिठ्ठी शिवून घेतली होती. तेवढी एक गोष्ट तुम्हीही करा. चिठ्ठी ठेवू नका, ती पडते. शिवून घ्या.

आता जे लिहायला जड जातं ते लिहिते. मी एकदा ह्यांच्यावर हात उचलला. रात्री तीन वाजता चौथ्यांदा चादर बदलत होते आणि ह्यांनी मला चोर म्हणून ढकललं. मी हातावर फटका मारला. हे घाबरून भिंतीला चिकटले. दोन महिन्यांनी संवत्सरी आली. मी ह्यांच्यापुढं हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटलं. ह्यांनीही लगेच हात जोडले आणि तेच म्हटलं. ते शब्द तोंडात पक्के आहेत, नवकार आणि लोगस्स आहेत तसे. पण कशाची क्षमा, हे ह्यांना ठाऊक नव्हतं. मला क्षमा मिळाली की नाही, हे आजही मला कळत नाही. त्या दिवसानंतर मात्र मला एक कळलं, की ही सेवा एकटीनं करायची नसते. एकटं माणूस थकतं, आणि थकलेल्या माणसाच्या हातून हिंसा होते.

यावर आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवायचं." कर्माचा उदय ह्यांचा असेल. पण शेजारच्या बाईनं मदत करू नये, असं कुठल्या कर्मग्रंथात आहे? मोतीबिंदू दर्शनावरणीय म्हणून आपण ऑपरेशन टाळत नाही. दुसरं उत्तर, "पत्नीचाच धर्म आहे." नवरा आजारी बायकोला भरवतो तेव्हा संघ त्याचा सत्कार करतो. बायको भरवते तेव्हा ते तिचं कामच असतं. हा फरक मला मान्य नाही.

वैयावच्च हे आपल्या सहा आभ्यंतर तपांपैकी एक आहे. उपवासाइतकंच तप, किंबहुना आतलं तप. तत्त्वार्थसूत्रात ते कुणाकुणाचं करायचं याचे दहा प्रकार दिले आहेत, त्यात आचार्य, तपस्वी आहेत आणि ग्लान म्हणजे आजारीही आहे. उत्तराध्ययनात वैयावच्चानं तीर्थंकर नामगोत्र बांधलं जातं असं सांगितलं आहे. इतकं मोठं फळ सांगताना ते फक्त बायकोला मिळेल असं म्हटलेलं नाही. नंदीषेण मुनींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देव आजारी साधूच्या रूपात आला, घाण केली, खांद्यावर बसून शिव्या दिल्या, तरी मुनींचं मन ढळलं नाही. मी ती कथा आता वेगळी ऐकते. अंगावर घाण आणि कानात शिव्या हे ज्या आजारात रोज घडतं, तो आजार माझ्या घरात आहे. पण एक लक्षात घ्या, नंदीषेण त्या साधूचे कुणी नातलग नव्हते.

मासखमणाच्या पारण्याला आपण चारशे माणसं जमतो. मला चारशे नकोत. आठवड्यातले दोन तास हवेत. गेल्या वर्षी मी हे मंडळात बोलून दाखवलं तेव्हा क्षणभर शांतता झाली. मग स्टेशनवर ह्यांना पाहणाऱ्या त्या दोघींपैकीच एक म्हणाली, "मी मंगळवारी येते." ती येते, ह्यांच्याबरोबर नवकार म्हणते, मी तेवढ्यात झोपते. हो, झोपते. सामायिक ४८ मिनिटांची असते, मला त्या ४८ मिनिटांत झोप लागते आणि मी त्याची लाज बाळगणं सोडलं आहे. दिवसा मदतीला वाडीवरची ठाकर समाजातली एक ताई येते. ती स्वयंपाकघरात शिरली म्हणून आमच्या जाऊबाई वर्षभर पाणी प्यायल्या नाहीत. ह्यांना अंघोळ घालायला मात्र त्या ताईइतकं कुणालाच जमत नाही. ती गाणं म्हणते आणि हे लहान मुलासारखे हात वर करतात.

शेवटी कॉमर्सवालीचं एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आजार कळला की पहिल्या वर्षातच कागदपत्रं करा. मी कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत झाले होते. मग कॉलेजातला कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट आठवला, कलम २०१. अधिकार देणाऱ्याची मती गेली की दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी. त्यामुळे ह्यांना समजत होतं तेव्हाच खाती दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात' अशी करून घेतली, नॉमिनी लावले, आणि इच्छापत्र केलं, डॉक्टरांचा दाखला जोडून, कारण इच्छापत्रालाही मन ठिकाणावर असावं लागतं. उशीर झाला तर पालक नेमून घ्यायला हायकोर्टाची पायरी चढावी लागते. कोकण रेल्वे आणणारे जॉर्ज फर्नांडिस २०१९ मध्ये गेले, त्यांनाही अल्झायमर होता. त्यांना कुणी सांभाळायचं, कुणी भेटायचं, हा वाद कोर्टापर्यंत गेला. एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं, आपल्या घरात तर भाऊबंद आहेतच. आणि हे दोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दुसरा रुग्णासाठी जितका, तितकाच तुमच्यासाठी आहे.

"तुम्ही लक्ष नाही का देत?" असं विचारणाऱ्या भगिनीला माझं उत्तर एवढंच. देते, चोवीस तास देते. त्यातले दोन तास तुम्ही द्या.

काल संध्याकाळी हे सामायिकाला बसले. मुहपत्ती उलटी बांधली होती, मी सरळ केली. तीन मिनिटांत उठले, मग परत येऊन बसले, परत पहिल्यापासून नवकार. मध्येच मला म्हणाले, "तुम्ही कुणाकडच्या?" मी म्हटलं, "इथलीच." म्हणाले, "बसा मग."

मी बसले.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.